‘दुय्यम निवडणूक’ ही संकल्पना आणि अहमदनगर जिल्ह्यातील स्थानिक निकाल : एक चिकित्सा

प्रस्तावना

जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका यांच्या निवडणुकांचे निकाल लागले की वृत्तपत्रांतून, आणि थोड्या अवधीने महाविद्यालयीन चर्चासत्रांतील निबंधांतूनही, एक ठरावीक मांडणी केली जाते. कोणत्या पक्षाच्या किती जागा वाढल्या, किती घटल्या, आणि त्यावरून आगामी विधानसभेचा कल काय दिसतो, असे या मांडणीचे स्वरूप असते. ‘मिनी विधानसभा’ हा शब्दप्रयोग तर आता अवतरणचिन्हांशिवायच वापरला जातो. या मांडणीच्या मागे, लेखकाला ठाऊक असो वा नसो, पाश्चात्त्य निवडणूक अभ्यासातील एक निश्चित सिद्धान्त उभा आहे. तो सिद्धान्त युरोपीय संसदेच्या निवडणुकांच्या अभ्यासातून आला आणि ब्रिटनमधील स्थानिक व युरोपीय निवडणुकांचे अर्थ लावताना तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निकालांना तो लावता येतो काय, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी मुख्यतः २०१७ ची जिल्हा परिषद, २०१८ ची महानगरपालिका आणि त्यांच्या मागेपुढे झालेल्या लोकसभा व विधानसभा निवडणुका विचारात घेतल्या आहेत.

संकल्पना आणि तिचे मूळ क्षेत्र

युरोपीय संसदेची पहिली प्रत्यक्ष निवडणूक १९७९ मध्ये झाली. तिचे विश्लेषण करताना कार्लहाइन्झ राइफ आणि हर्मन श्मिट यांनी १९८० मध्ये ‘दुय्यम राष्ट्रीय निवडणूक’ ही कल्पना मांडली. ज्या निवडणुकीतून देशाचे सरकार बनत नाही, ती मतदाराला व पक्षांना कमी महत्त्वाची वाटते. परिणामी मतदान घटते, सत्तारूढ पक्षाला फटका बसतो, आणि एरवी मत वाया जाईल या भीतीने बाजूला पडणाऱ्या लहान व नव्या पक्षांना वाव मिळतो. सत्तारूढ पक्षाची ही घसरण कार्यकालाच्या मध्याच्या सुमारास सर्वाधिक असते, असेही त्यांचे प्रतिपादन होते.

ब्रिटनमध्ये या कल्पनेला पुरावा भरपूर मिळाला. १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत ग्रीन पक्षाने सुमारे १५ टक्के मते घेतली. एकसदस्यीय मतदारसंघांच्या पद्धतीमुळे त्याला जागा मात्र एकही मिळाली नाही. १९९९ पासून प्रादेशिक यादीनिहाय प्रमाणशीर पद्धत आली. त्या वर्षी मतदान सुमारे २४ टक्के इतकेच झाले, सत्तारूढ मजूर पक्ष २९ जागांवर राहिला आणि हुजूर पक्षाने ३६ जागा घेतल्या. तरी दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, मजूर पक्ष ४१३ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. २०१४ मध्ये युनायटेड किंग्डम इंडिपेन्डन्स पार्टी २४ जागांसह पहिल्या क्रमांकावर होती. २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत १२.६ टक्के मते मिळूनही तिचा एकच सदस्य निवडून आला. सर्वांत ठळक उदाहरण २०१९ चे आहे. मे महिन्याच्या आरंभी झालेल्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाने तेराशेहून अधिक जागा गमावल्या. त्याच महिन्याच्या २३ तारखेच्या युरोपीय निवडणुकीत त्याला सुमारे ९ टक्के मते व ४ जागा मिळाल्या, तर काही महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या ब्रेक्झिट पार्टीने २९ जागा जिंकल्या. डिसेंबरात सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा हुजूर पक्षाचे ३६५ सदस्य निवडून आले आणि ब्रेक्झिट पार्टीचा एकही नाही. मतदान मे महिन्यात ३७ टक्के होते, ते डिसेंबरात ६७ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांसमोर सिद्धान्त भक्कम वाटतो यात नवल नाही. तथापि ब्रिटनमध्येही त्याला एक अट आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर यांनी स्थानिक निकालांवरून राष्ट्रीय पातळीवरील मतांचा अंदाज काढण्याची जी पद्धत रूढ केली, ती चालते याचे कारण तेच पक्ष, त्याच नावांनी, बहुतेक प्रभागांत उभे असतात. ऑर्कनी व शेटलंड या बेटांच्या परिषदांत बहुसंख्य सदस्य परंपरेने अपक्ष असतात. तेथे या पद्धतीच्या हाती काहीच लागत नाही. पक्षाचे नाव हे मतदाराच्या निर्णयाचे एकक असले पाहिजे, ही ती अट. सिद्धान्ताचा उगम झालेल्या भूमीच्या कडेलाच ती ढिली पडते, तर अन्यत्र तिची खातरजमा करूनच पुढे जाणे इष्ट.

शिवाय ‘दुय्यम’ या विशेषणाने होणारी दिशाभूलही नोंदविली पाहिजे. २३ मे २०१९ च्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी थेरेसा मे यांनी पद सोडण्याची घोषणा केली. मतदाराने कमी महत्त्वाची मानलेली निवडणूक परिणामाने कमी महत्त्वाची असतेच असे नाही.

मतदानाचे प्रमाण

योगायोगाने त्याच २३ मे २०१९ रोजी भारतात लोकसभेची मतमोजणी झाली. अहमदनगर मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे डॉ. सुजय विखे पाटील ७,०४,६६० मते मिळवून २,८१,४७४ मतांच्या आघाडीने विजयी झाले. या निवडणुकीत मतदान सुमारे ६५ टक्के होते. राज्याच्या पातळीवर पाहता २०१४ व २०१९ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत महाराष्ट्रातील मतदान ६० ते ६१ टक्क्यांच्या घरात राहिले, तर २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत ते ७० टक्क्यांच्या आसपास पोचले. ग्रामपंचायतींचे मतदान याहून अधिक असते, हे ग्रामीण महाविद्यालयातील कोणत्याही प्राध्यापकाला मतदान केंद्रावरील नेमणुकीच्या अनुभवाने माहीत आहे.

येथेच सिद्धान्ताचा पहिला आधार निखळतो. राइफ व श्मिट यांच्या मांडणीत घटलेले मतदान ही केवळ एक उपपत्ती नाही. मतदार त्या निवडणुकीला कमी लेखतो, याचा तो पुरावा आहे, आणि बाकीचे सर्व निष्कर्ष त्यावर उभे आहेत. ज्या मतदाराला जिल्हा परिषदेचा सदस्य आणि गावचा सरपंच कोण होणार हा प्रश्न खासदारकीपेक्षा अधिक निकडीचा वाटतो, तो त्या निवडणुकीत दिल्लीला किंवा मुंबईला निरोप पाठविण्यासाठी मत देतो, असे गृहीत धरता येत नाही. मराठी निबंधांत मात्र हे गृहीतक तपासल्याविना निष्कर्ष उचलले गेले आहेत.

जिल्हा परिषद, २०१७

फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या तेव्हा राज्यातील भाजप-शिवसेना सरकारला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सिद्धान्तानुसार सत्तारूढ पक्षाला ओहोटी लागण्याचा हा काळ. प्रत्यक्षात राज्यभर जिल्हा परिषदांत भाजप प्रथमच सर्वांत मोठा पक्ष ठरला. अहमदनगरला मात्र ७३ जागांपैकी काँग्रेसला २३, राष्ट्रवादी काँग्रेसला १८, भाजपला १४ आणि शिवसेनेला ७ जागा मिळाल्या. उरलेल्या जागा लहान पक्ष, स्थानिक आघाड्या व अपक्ष यांच्याकडे गेल्या. शालिनीताई विखे पाटील काँग्रेसकडून अध्यक्ष व राजश्री घुले राष्ट्रवादीकडून उपाध्यक्ष झाल्या.

याचे वाचन दोन प्रकारे झाले. राज्याच्या लाटेतही जिल्ह्याने काँग्रेसचा बालेकिल्ला राखला, असे एक. आणि सत्तारूढ पक्षाला जिल्ह्याने नाकारले, असे दुसरे. दोन्ही वाचनांत ‘काँग्रेसच्या २३ जागा’ हे एक एकसंध परिमाण मानले आहे. ते तसे नव्हते. या बेरजेत संगमनेरच्या बाळासाहेब थोरातांना मानणारे सदस्य होते आणि लोणीच्या विखे कुटुंबाला मानणारेही. या दोन घराण्यांमधील स्पर्धा जिल्ह्यात पक्षापेक्षा जुनी आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मराठीत जिल्हा परिषदेच्या मतदारसंघालाही ‘गट’ म्हणतात आणि नेत्याच्या अनुयायांनाही ‘गट’च म्हणतात. भाषेने जे एकत्र ठेवले, ते तक्त्यांनी वेगळे केले आणि दुसरा अर्थ टाकून दिला.

पुढील दोन वर्षांत या २३ च्या आकड्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मार्च २०१९ मध्ये डॉ. सुजय विखे भाजपमध्ये गेले, जूनमध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद सोडलेले राधाकृष्ण विखेही गेले. त्या वेळी जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद कागदोपत्री काँग्रेसच्याच नावावर होते. २०१७ च्या निकालावरून ‘काँग्रेसचा कल’ काढणाऱ्याने लोकसभेच्या वेळी हे सदस्य कोणत्या रकान्यात घालावेत? याचे उत्तर त्या पद्धतीत नाही. घराण्याच्या पूर्वेतिहासातही ते होते. बाळासाहेब विखे पाटील १९९८ व १९९९ मध्ये शिवसेनेकडून आणि २००४ मध्ये काँग्रेसकडून लोकसभेत गेले. १९९१ मध्ये ते अपक्ष म्हणून काँग्रेसच्या यशवंतराव गडाखांविरुद्ध लढले होते, आणि ती लढत पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला तेव्हापासून या परिसरात निष्ठेचे केंद्र कारखाना, शिक्षणसंस्था, सोसायटी व बँक यांच्या साखळीत राहिले. पक्ष हे तिचे वेळोवेळचे नाव.

नेवासा तालुक्याचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. २०१७ मध्ये शंकरराव गडाख राष्ट्रवादीतून बाहेर पडले आणि त्यांच्या क्रांतिकारी शेतकरी पक्षाचे पाच सदस्य जिल्हा परिषदेवर निवडून आले. दुय्यम निवडणुकीत नव्या व लहान पक्षांना वाव मिळतो, या उपपत्तीला हा पुरावा अगदी चपखल बसतो. एखाद्या संख्याशास्त्रीय अभ्यासात तो तसा नोंदलाही जाईल. परंतु येथे मतदाराने मोठ्या पक्षावर राग काढण्यासाठी नवा पर्याय चाचपून पाहिला असे घडलेले नाही. मुळा कारखाना व सोनई येथील संस्था यांभोवती उभा असलेला जुनाच गट नव्या चिन्हावर उभा राहिला. म्हणूनच ब्रिटनमधील नव्या पक्षांप्रमाणे तो मोठ्या निवडणुकीत विरून गेला नाही. २०१९ मध्ये गडाख याच पक्षाकडून विधानसभेवर गेले, शिवसेनेला पाठिंबा देऊन मंत्री झाले आणि २०२० मध्ये त्या पक्षात गेले. आकृती सारखी, कारण निराळे. आणि सिद्धान्ताची कसोटी कारणावर लागते. याच तालुक्यातील विठ्ठलराव लंघे २०१२ मध्ये राष्ट्रवादीकडून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले होते. २०२४ मध्ये ते शिवसेनेच्या चिन्हावर गडाखांना पराभूत करून विधानसभेत गेले.

उमेदवार पक्षाचा की गटाचा, या प्रश्नाला आरक्षणाच्या चक्रानुक्रमानेही एक वळण दिले आहे. जागेचे आरक्षण दर निवडणुकीत फिरते, त्यामुळे मागच्या सदस्याला पुन्हा तेथूनच उभे राहता येईल याची शाश्वती नसते. केलेल्या कामाचा जाब त्याच सदस्याला विचारण्याची संधी मतदाराच्या हातून जाते, आणि पुढचा उमेदवार ठरविण्याचा अधिकार पक्षकार्यालयापेक्षा गटाच्या प्रमुखाकडे अधिक जातो.

महानगरपालिका, डिसेंबर २०१८

ग्रामीण भागाला सहकाराचे वैशिष्ट्य असल्याने तेथे सिद्धान्त लागू पडत नाही, शहरात मात्र पडेल, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासण्यास महानगरपालिकेची निवडणूक उपयोगी आहे. ९ डिसेंबर २०१८ रोजी अहमदनगर व धुळे या दोन महानगरपालिकांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. राज्य सरकार एकच, काळ एकच. धुळ्यात भाजपने ७४ पैकी ५० जागा जिंकल्या. अहमदनगरात ६८ पैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८, भाजपला १४, काँग्रेसला ५, बहुजन समाज पक्षाला ४ आणि उर्वरित जागा समाजवादी पक्ष व अपक्षांना मिळाल्या. सरकारविषयीचा कौल म्हणून वाचायचे झाल्यास एकाच दिवशी दोन परस्परविरोधी कौल मिळाले असे म्हणावे लागते.

पुढे जे झाले ते तर कोणत्याही तक्त्यात मावत नाही. राज्यात सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेना व भाजप यांची बेरीज ३८, म्हणजे स्पष्ट बहुमत. तरीही २८ डिसेंबरला महापौर झाले ते तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे, आणि तेही राष्ट्रवादीच्या १८ नगरसेवकांच्या पाठिंब्याने. राष्ट्रवादीने जानेवारी २०१९ मध्ये या १८ जणांना पक्षातून काढले. शहरातील दीर्घकाळचे वैर शिवसेनेचे अनिल राठोड आणि राष्ट्रवादीचे आमदार संग्राम जगताप यांच्यातले होते, हे लक्षात घेतले की हा निर्णय अनाकलनीय राहत नाही. भाजपचे राहुरीचे तत्कालीन आमदार शिवाजी कर्डिले हे जगताप यांचे सासरे, ही बाबही अभ्यासकाने केवळ गावगप्पा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. या जिल्ह्यात सोयरीक हा राजकीय विश्लेषणाचा एक चलघटक आहे.

त्यानंतरच्या अकरा महिन्यांतील घटनाक्रम असा. मे २०१९ मध्ये हेच जगताप लोकसभेला राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि आपल्या शहर मतदारसंघातही पिछाडीवर राहिले. ऑक्टोबरमध्ये त्याच शहराने त्यांना राठोडांविरुद्ध पुन्हा आमदार म्हणून निवडले. शहरातील मतदाराची मनोवृत्ती अस्थिर होती असे अनुमान यावरून काढणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. मतदाराने तीन निवडणुकांत तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली.

एक तांत्रिक बाबही येथे नमूद केली पाहिजे. २०१८ ची निवडणूक चारसदस्यीय प्रभागांतून झाली. सतरा प्रभाग, प्रत्येकात चार जागा, आणि मतदाराला चार मते. ती चारही एकाच पक्षाला देण्याचे बंधन नाही. अशा निवडणुकीत ‘पक्षाला मिळालेली मतांची टक्केवारी’ काढून ती लोकसभेच्या टक्केवारीशेजारी मांडणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच ओळीत लिहिणे होय. बहुसदस्यीय प्रभाग ब्रिटनमध्येही आहेत, पण तेथे अभ्यासकांनी त्यासाठी मोजणीची स्वतंत्र रीत ठरवून घेतली. महाराष्ट्रातील बहुतेक निबंधांत हा प्रश्न उपस्थितही होत नाही.

पक्षाचे स्थान

वरील विवेचनावरून पक्ष निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढल्यास ती दुसऱ्या टोकाची चूक होईल, आणि ‘येथे सगळे गटाचेच राजकारण’ असे म्हणून थांबणारे लेखनही कमी नाही. श्रीगोंद्याचे बबनराव पाचपुते यांनी जनता पक्षापासून भाजपपर्यंत अनेक चिन्हांवर निवडणुका लढविल्या. पण प्रत्येक चिन्ह त्यांना तारून गेले नाही. भाजपच्या राज्यव्यापी यशाच्या वर्षी, २०१४ मध्ये, ते त्याच पक्षाकडून उभे राहून पराभूत झाले, आणि २०१९ मध्ये त्याच चिन्हावर जिंकले. गट आणि चिन्ह यांची सांगड कधी बसते व कधी बसत नाही, हाच खरा अभ्यासविषय आहे.

पक्षाचे महत्त्व येथे वेगळ्या मार्गाने येते. जिल्हा परिषदेचे उत्पन्नाचे स्वतःचे साधन तुटपुंजे. रस्ता, बंधारा, शाळाखोली यांसाठी पैसा राज्याच्या अनुदानातून आणि जिल्हा नियोजन समितीतून येतो, आणि त्या समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते. म्हणून वरच्या सत्तेशी जोडलेला गट मतदाराला उपयोगी वाटतो. येथे मतदार सरकारला शिक्षा किंवा बक्षीस देत नाही. आपला सदस्य सरकारच्या किती जवळ आहे, याचा हिशेब करतो. ब्रिटनमधील मध्यावधी नाराजीच्या नेमक्या उलट दिशेने जाणारी ही प्रेरणा २०१७ मधील भाजपच्या राज्यव्यापी यशाचाही काही अंशी खुलासा करते. अहमदनगरने त्या वर्षी अपवाद केला, कारण येथील प्रमुख गट अजून दुसरीकडे होते. २०१९ नंतर ते हलले.

कायद्यानेही या लवचिकतेला जागा ठेवली आहे. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ चा आहे. पक्षांतराला त्याने आळा घातला, परंतु निवडणुकीनंतर आघाडी किंवा गट म्हणून नोंदणी करण्याची वाटही त्यात आहे. निकालाच्या दिवशीचे पक्षीय बलाबल आणि नोंदणीनंतरचे बलाबल यांत फरक पडू शकतो. अभ्यासकाने दोन्ही घ्यावेत. वृत्तपत्र पहिले छापते, सभागृह दुसऱ्यावर चालते.

सहकारी संस्थांच्या निवडणुका मात्र पक्षचिन्हावर होत नाहीत, म्हणून त्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाबाहेर राहिल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये जिल्हा सहकारी बँकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. संचालक मंडळात तेव्हाच्या महाविकास आघाडीच्या बाजूचे बहुमत मानले जात असताना भाजपचे कर्डिले हे राष्ट्रवादीचे चंद्रशेखर घुले यांच्याविरुद्ध १० विरुद्ध ९ अशा एका मताने निवडून आले. जिल्ह्यातील गट कोणत्या दिशेने सरकत आहेत हे ज्याला जाणून घ्यायचे होते, त्याला जिल्हा परिषदेच्या सहा वर्षे जुन्या तक्त्यापेक्षा या १९ मतांनी अधिक सांगितले असते.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची आणि डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली व कारभार प्रशासकांकडे गेला. २०२४ च्या दोन्ही मोठ्या निवडणुका अशा रीतीने स्थानिक सदस्य पदावर नसताना झाल्या. लोकसभेला जिल्ह्यातील दोन्ही जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. अहमदनगरमध्ये नीलेश लंके यांनी डॉ. सुजय विखे यांचा २८,९२९ मतांनी पराभव केला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या १२ पैकी १० जागा महायुतीकडे गेल्या, आणि १९८५ पासून संगमनेरचे प्रतिनिधित्व करणारे थोरातही पराभूत झाले. दोन्ही निवडणुका ‘प्रथम दर्जाच्या’, मध्ये अंतर जेमतेम सहा महिन्यांचे. पारनेरला लंके यांच्या पत्नी राणी लंके दीड हजारांच्या आसपास मतांनी पराभूत झाल्या. तेथून निवडून आलेले काशिनाथ दाते त्यापूर्वी जिल्हा परिषदेत समितीचे सभापती होते. परिषदेत ते शिवसेनेचे होते. विधानसभेत ते राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावर गेले.